चार पायांची स्वारी

सहा मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद, पोटाखाली चार वाकडे पाय आणि डोक्यावर काळी गोल टोपी. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर ‘टॅक्ट स्विच’ म्हटलं की दुकानदार मूठभर काढून पुढे ठेवतो. डोंबिवलीची पोरं फास्ट लोकलनं दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड अशी मजल मारून तिथे पोचतात. आर्डुइनो युनो घेतात, सोळा बाय दोनचा एलसीडी घेतात, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी घेतात. यादीत सगळ्यात शेवटी, उरलेल्या सुट्ट्या पैशांत बसेल म्हणून, हे पुश बटण. पुढचे कित्येक दिवस सगळं घर तेच नाचवणार असतं, याची तेव्हा कुणाला कल्पना नसते.

प्रोजेक्ट समजा दवाखान्यातल्या टोकनचा आहे. कंपाउंडरनं बटण दाबायचं, पडद्यावर पुढचा नंबर यायचा. एवढंच. पण नंबर चुकला की संशय पहिल्यांदा जातो पडद्यावर, कारण दिसतो तोच. पोरं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचा कॉन्ट्रास्ट फिरवत बसतात, पत्ता २७ आहे की ३एफ यावर वाद घालतात, लायब्ररी तीनदा बदलतात. बटणाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. एवढ्याशा चिजेत बिघडण्यासारखं आहेच काय!

बसण्याच्या बाबतीत स्वारी फार मानी. पाय चार, पण खरी टोकं दोनच. दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले. दोन्ही वायरी चुकून एकाच जोडीला लावल्या, तर ते अष्टौप्रहर ‘दाबलं आहे, दाबलं आहे’ असंच सांगत राहतं आणि टोकन एकापासून शंभरापर्यंत धावत सुटतं. ब्रेडबोर्डवर नव्वद अंशात फिरवून बसवलं तरी तेच. यावरचा उपाय लॅबमधला कुठलाही जुना असिस्टंट एका शब्दात सांगतो: तिरके. समोरासमोरचे नाही, शेजारचे नाही, कर्णावरचे दोन पाय धरायचे. मग बटण कसंही बसू दे, वायर चुकत नाही. खात्री हवी असेल तर मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून तपासावं. दाबल्यावर वाजला आणि सोडल्यावर थांबला, की पाय बरोबर सापडले.

एकटेपणा मात्र त्याला मुळीच सोसत नाही. एक पाय पाच व्होल्टला, दुसरा पिन दोनला, एवढ्यावर काम भागलं असं नवख्याला वाटतं. पण बटण सुटलेलं असताना ती पिन कशालाच जोडलेली नसते, आणि अशी अधांतरी पिन काय वाट्टेल ते बडबडते. भिंतीतल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण तिला ऐकू येते, ट्यूबलाइटची येते, नुसता हात जवळ नेला तरी ती दचकते. टेबलावर कुणी काही दाबत नाही आणि पडद्यावर पेशंट पुढे सरकताहेत, असा प्रकार! पिनला दहा किलोओमचा एक रेझिस्टर लावून तो ग्राउंडला जोडला की ही बडबड त्या क्षणी थांबते. प्रोजेक्ट न चालण्याचं कारण मी पाहिलंय त्यात सगळ्यात जास्त वेळा हाच न लावलेला रेझिस्टर निघतो, आणि सगळ्यात शेवटी सापडतो तोही हाच.

रेझिस्टर विसरलाच असेल तर युनोच्या चिपच्या पोटातही एक आहे, वीस ते पन्नास किलोओमचा. कोडमध्ये ‘इनपुट पुलअप’ लिहिलं की तो जागा होतो. मग बटणाचा दुसरा पाय पाच व्होल्टऐवजी ग्राउंडला न्यायचा. पण इथे स्वारीची भाषा उलटी होते: सोडलं असेल तर एक, दाबलं तर शून्य. आधीचा कोड तसाच ठेवला की कंपाउंडरनं हात काढला रे काढला, नंबर पळतो. ज्यांनी डिप्लोमाला ८०५१ घोटलाय त्यांना याचं नवल वाटत नाही. त्या चिपच्या पोर्ट एक, दोन आणि तीनला वर ओढणारी सोय जन्मतःच होती, त्यामुळे तिथे दाबलेलं बटण नेहमी शून्यच सांगायचं. पोर्ट शून्यला ती सोय नव्हती. तिथे रेझिस्टर बाहेरून लावायचा आणि व्हायवात त्याचं कारणही सांगायचं.

आता त्याचा खरा स्वभाव. हे बटण अतिशय उतावळं आणि अतिशय प्रामाणिक आहे. आपण एकदा दाबतो. आतली धातूची चकती मात्र एका दमात टेकत नाही. फरशीवर ठेवलेल्या डब्याचं झाकण जसं थोडं खडखडून मग स्थिर होतं, तशी ती टेकते, उडते, पुन्हा टेकते. हा खेळ सहसा काही मिलिसेकंदांचा. माणसाच्या बोटाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण युनोचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं. त्याच्या दृष्टीनं तो दीर्घ काळ आहे, आणि त्यातली प्रत्येक उडी त्याला नवा दाब वाटते. पडद्यावर बारा होते, एकदा दाबलं, पंधरा झाले. तेरा आणि चौदा नंबरचे पेशंट सकाळपासून बाकावर बसलेत, त्यांचं काय? बटण खोटं बोललेलं नसतं. जे घडलं ते सगळं, जरा जास्तच बारकाईनं, त्यानं सांगितलेलं असतं.

हा स्वभाव जगभर ओळखीचा आहे. आर्डुइनो इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये जन्माला आला, आणि त्याच्या मूळ मंडळींपैकी डेव्हिड मेलिस यांनी २००६ मध्येच बटणाला शांत करणारा ‘डिबाउन्स’चा नमुना लिहून ठेवला. त्यातला मंत्र साधा: बटणानं काही सांगितलं की लगेच विश्वास ठेवायचा नाही, पन्नास मिलिसेकंद तेच सांगत राहिलं तरच मानायचं. आजही पोरं तोच नमुना उघडून बसतात.

वाट बघायला लावलेलं त्याला खपत नाही. पडद्यावर वरच्या ओळीत दवाखान्याचं नाव सरकवायची हौस प्रत्येकाला असते, आणि त्यासाठी कोडमध्ये ‘डिले’ पेरले जातात. तेवढा वेळ प्रोसेसर झोपलेला. त्या अवधीत बटण दाबून सोडलं तर ते कुणीच ऐकत नाही. मग कंपाउंडर जोर लावतो, पुन्हा पुन्हा दाबतो. जोराचा काही उपयोग नसतो. ‘मिलिस’ वापरून घड्याळाकडे बघत काम करायचं, किंवा पिन दोन-तीनवर इंटरप्ट लावायचा, म्हणजे पाटीही सरकते आणि बटणाचंही ऐकलं जातं.

कधी कधी मात्र बिचारं पूर्ण निर्दोष असतं. पडद्यावर १०० आहे. रीसेटचं बटण दाबलं, नंबर पुन्हा एकवर यायला हवा. पडदा ढिम्म, शंभरचे शंभर. बटण बदललं, तरी तेच. टोकनचं बटण दाबलं तर थेट २००! झालेलं असं, की नंबर खरोखर एक झाला होता आणि पडद्यानं तो इमानानं लिहिलाही होता, पण जुन्या शंभराच्या पहिल्या घरात. मागची दोन शून्यं कुणी पुसलीच नव्हती. आकड्यामागे दोन रिकामी घरं छापली की काम झालं. तोवर दोन चांगली बटणं कचऱ्यात गेलेली असतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रवास त्याला मानवत नाही. ते वाकडे पाय सर्किट बोर्डच्या भोकात चिमटून बसण्यासाठी आहेत. ब्रेडबोर्डवर ते नीट खोल जात नाहीत. सबमिशनच्या दिवशी कल्याणहून ठाण्याच्या कॉलेजात जायचं, सकाळची गर्दीची लोकल, प्रोजेक्ट सॅकमध्ये. डोंबिवलीला लोंढा आत शिरतो, मुंब्र्यापर्यंत सॅक पोटाशी धरूनही चेपली जाते, आणि लॅबमध्ये खोका उघडला तर स्वारी दोन पायांवर उभी. ज्यांना पुन्हा पुन्हा न्यायचंय त्यांनी सरळ झीरो पीसीबीवर सोल्डर करावं. फक्त सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये, आतलं प्लॅस्टिक वितळलं की टोपी खाली गेलेली वर येत नाही.

एक्स्टर्नल परीक्षक आले की ते बटण दाबतात आणि बोट उचलतच नाहीत. इथे भले भले प्रोजेक्ट घसरतात, कारण कोड ‘दाबलेलं आहे का’ एवढंच विचारत असतो, आणि बोट आहे तोवर उत्तर ‘हो’च येतं. विचारायचं असतं ते ‘आत्ताच दाबलं का’. त्यासाठी मागची स्थिती लक्षात ठेवून आताच्या स्थितीशी ताडावी लागते. ज्या पोरीनं ते केलेलं असतं, तिचा नंबर एकनं वाढतो आणि तिथेच राहतो. एक्स्टर्नल बोट न उचलता मान वर करतात आणि म्हणतात, “बरं, आता डिबाउन्सची ओळ दाखव.”