सामाईक वारा

तालुक्याच्या महसुली दप्तरात ज्याने उमेदीची वर्षे घालविली आहेत, त्याला आपल्या गावाचा अलीकडचा इतिहास जाणण्यासाठी बखरी धुंडाळाव्या लागत नाहीत. गाव नमुना बारामधील पिकांच्या रकान्यावरून सावकाश बोट फिरवीत गेले म्हणजे पुष्कळ कळते. आमच्या वळ गावच्या नोंदींत वर्षानुवर्षे 'भात' हा एकच शब्द उतरत आलेला मी पाहिला. पुढे त्याच्या जागी क्वचित 'गवत', क्वचित 'पड' येऊ लागले, आणि अखेरीस गटामागून गट बिनशेती होत जाऊन तो रकानाच मुका झाला. मुंबईच्या जकातनाक्यांच्या बाहेर आणि तरीही त्या महानगरीच्या निकट, नाशिकच्या महामार्गापासून जवळ आणि न्हावाशेवा बंदरातून येणाऱ्या मालाच्या वाटेवर, अशा मोक्याच्या जागी वसल्यामुळे वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, गुंदवली, काल्हेर या भिवंडी तालुक्यातील गावांच्या खाचरांवर गोदामे उभी राहिली. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकातीचा जुना हिशेब संपुष्टात आला, तरी गोदामांची वाढ काही थांबली नाही. या गोदामांनी गावातील कित्येक घरांना भाड्याचे उत्पन्न दिले, तरुणांना रोजगार दिला, मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागविला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु त्याबरोबरच रात्रंदिवस धावणाऱ्या अवजड वाहनांची धूळ आणि धूर हेही आमच्या वाट्यास आले, आणि माझ्या पत्नीच्या श्वासनलिकांनी त्याची नोंद कोणत्याही दप्तरापेक्षा आधी घेतली.

तिला दम्याचा विकार जडला. भिवंडीतील ज्या वैद्यकतज्ज्ञांकडे आम्ही गेलो, त्यांनी श्वासावाटे घ्यावयाचे औषध, ज्याला आमच्याकडे सरसकट 'पंप' म्हणतात, ते लिहून दिले, आणि ते आपल्या मनाने कधीही बंद करू नये अशी सक्त ताकीद दिली. पण निरोप देताना त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले, की औषध आपले काम करील, परंतु ही बाई दिवसाचे बहुतेक तास ज्या घरात काढते ते घरही एकदा तपासून पाहा. नैसर्गिक जीवनपद्धतीविषयी जे काही मला सांगावयाचे आहे, त्याचा उगम या वाक्यात आहे.

घर तपासावयास बसलो तेव्हा ध्यानात आले, की बाहेरच्या धुळीच्या धास्तीने खिडक्या बंद करून आम्ही आत नाना प्रकारचे वायू कोंडून ठेवीत होतो. कपाटात डांबरगोळ्या होत्या, न्हाणीघरात उग्र वासाचे फिनेल होते, पाहुणे येण्यापूर्वी मारावयाचा सुगंधी फवारा होता, भिंतींवर तैलरंग होता, आणि रात्री उशाशी डासांची कॉइल जळत होती. एका कॉइलच्या ज्वलनातून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविण्यात आले आहे. ज्या घरात कोणी विडीलाही स्पर्श करीत नाही त्या घरात, बंद खिडक्यांआड, रोज रात्री हे चालले होते. म्हणून आरोग्यदायी घराचा आरंभ काही नवे आणण्यापासून होत नसून काही काढून टाकण्यापासून होतो, हा सिद्धांत आम्ही प्रथम स्वीकारला.

कॉइल गेली आणि मच्छरदाणी आली. पण मच्छरदाणी हे केवळ संरक्षण होय. डासाचा बंदोबस्त त्याच्या जन्मस्थानीच करावा लागतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पिंप, हंडे, कूलर, फुलदाण्या रिकाम्या करून घासून कोरड्या केल्या, तर त्याची पिढी पूर्ण होऊच शकत नाही. आरोग्यखाते ज्याला 'कोरडा दिवस' म्हणते तो आमच्या घरी नेमाने पाळला जाऊ लागला, आणि जी मोठी टाकी रिकामी करणे शक्य नव्हते तीत गप्पी मासे सोडले. फिनेलची जागा साध्या साबणाने व कढत पाण्याने घेतली; कपड्यांसाठी रिठा भिजवून त्याचा फेस वापरण्याची माझ्या आईची रीत पत्नीने पुन्हा सुरू केली; गाद्या-गोधड्या उन्हात पडू लागल्या.

भिंतींचा प्रश्न अधिक विचाराचा होता. माझ्या बालपणीचे आमचे घर कारवीच्या कुडाचे होते. त्यावर शेणामातीचा लेप, जमिनीला सारवण आणि डोक्यावर मंगलोरी कौले. ते घर परत आणावे असा माझा आग्रह नव्हता, कारण त्या घराची गळती आणि त्यातील धुराची चूल मला ठाऊक आहे, आणि त्या धुराने माझ्या आईचे डोळे कसे चुरचुरत तेही. परंतु त्या काळातील एक वस्तू मात्र आम्ही निःसंकोच उचलली, ती म्हणजे कळीचा चुना. तैलरंग खरवडून चुन्याचे हात दिले. भिजविलेला चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी व जंतू सहसा टिकत नाहीत. पुढे हवेतील कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगडाचे रूप घेतो, आणि भिंतीतील दमटपणाला बाहेर पडावयास वाटही ठेवतो. चार-चार महिने पाऊस झेलणाऱ्या आमच्या मुलखात, जेथे आषाढापासून भिंतींवर काळे डाग उमटू लागतात, तेथे या गुणाचे मोल फार आहे. चुना भिजविताना तो उकळून अंगावर उडतो, डोळ्यांना गंभीर इजा करतो, म्हणून ते काम मुलांपासून दूर आणि सावधपणे केले पाहिजे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे, की जे जे निसर्गाचे ते ते निरुपद्रवी, ही समजूत घातक आहे; आणि जे जे रासायनिक ते ते वाईटच, हीदेखील. पोटात गेलेल्या कापराने लहान मुलांना झटके येतात. कडुनिंबाचे तेल पाजल्याने तान्ह्या बालकांच्या जिवावर बेतते. ब्लीचिंग पावडर आणि संडास घासण्याचे आम्ल एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू उत्पन्न होतो, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात जी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगच्याच जातीची, पावडर योग्य प्रमाणात टाकते, तिने पटकी आणि अतिसार यांपासून असंख्य जीव वाचविले आहेत. निसर्गाचा अनुनय करणे म्हणजे विवेकाला रजा देणे नव्हे. आमच्या घरात चुना आला, पण पंप गेला नाही.

आहाराच्या बाबतीत आम्हांला दूर जावे लागले नाही. भात हेच आमचे अन्न. फक्त पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ घरात येऊ लागला. तांदळाच्या कोंड्यात केवढे सत्त्व असते हे जगाला जावा बेटावरील कोंबड्यांनी शिकविले: तेथे आइकमान या डच वैद्याने १८९० च्या दशकात पाहिले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ मिळताच पुन्हा उभ्या राहतात, या निरीक्षणातून पुढे जीवनसत्त्वांची कल्पना उदयास आली आणि १९२९ साली आइकमान नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्याखेरीज आमच्या जिल्ह्यात पावसाळा स्वतःच एक भाजीबाजार मांडतो. मृगाच्या सरी पडल्या की आदिवासी भगिनी शेवळे, कंटोली, कुर्डू, भारंगी, टाकळा घेऊन बाजारात बसतात. शेवळांची भाजी करताना बरोबर काकडाची फळे घालावी लागतात, नाही तर घशाला खाज सुटते. हे ज्ञान त्या विकणाऱ्या बाईकडूनच घ्यावे, आणि तिने सांगितलेला भाव घासाघीस न करता द्यावा, कारण त्या भावात भाजीबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षाही येते.

उष्णोदकाचा लाभही आम्हांला तालुक्यातच मिळाला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर ज्या वज्रेश्वरीचे देवालय उभारले गेले, तिच्या परिसरात, अकलोली व गणेशपुरी येथे, तानसा नदीच्या काठी गंधकयुक्त गरम पाण्याची कुंडे आहेत. त्या उष्णतेने माझ्या आखडलेल्या गुडघ्यांना आराम पडतो, एवढेच मी साक्षीने सांगू शकतो. पण त्या कुंडात उतरताना मनात एक विचार नेहमी येतो, की ज्या पाण्यात मी उतरतो त्यातच माझ्या आधीचा उतरला होता आणि माझ्यानंतरचा उतरणार आहे, आणि ते निर्मळ राहिले तरच ते कोणालाही औषध ठरेल.

या विचाराचे मर्म मला लवकरच घरी कळून आले. चुन्याच्या भिंती, कोरडी भांडी, मोकळी हवा या सर्वांमुळे पत्नीच्या प्रकृतीस निश्चित उतार पडत होता. रात्रीच्या वेळी उठून बसण्याचे प्रसंग विरळ झाले होते. खिडक्या केव्हा उघडाव्यात याचाही एक नियम आम्ही अनुभवाने बसविला होता. हिवाळ्यात रात्री व पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धुराला वर चढू देत नाही, म्हणून त्या ऋतूत पहाटेची हवा शुद्ध असते हे आमच्यापुरते खरे उरलेले नाही. दुपारी समुद्राकडून वारे वाहू लागले म्हणजे मगच खिडक्या उघडावयाच्या. परंतु एका हिवाळ्यात जवळपास कोठेतरी रात्रीच्या वेळी गुंडाळणीचे प्लास्टिक आणि थर्माकोल जाळण्याचा परिपाठ सुरू झाला, आणि तो काळा, उग्र धूर आमच्या सर्व नियमांना ओलांडून, दारांच्या फटींतून, त्या शुभ्र भिंतींच्या आत येऊन बसला. पत्नीची सारी कमाई एका आठवड्यात खर्ची पडली. त्याच सुमारास तिने रस्त्याकडेचा टाकळा खुडण्यास नकार दिला. मालमोटारींची तेलकट धूळ त्याच्या पानांवर बसलेली तिला दिसत होती.

त्या दिवसांत मी चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय वाचीत होतो. कांपिल्य नगरीत, गंगेच्या तीरी हिंडताना पुनर्वसु आत्रेय आपल्या शिष्याशी, अग्निवेशाशी बोलत आहेत, आणि अग्निवेश विचारतो, की माणसांची प्रकृती भिन्न, आहार भिन्न, बल भिन्न, वय भिन्न, मग एकाच वेळी एकाच रोगाने सगळा प्रदेश उद्ध्वस्त कसा होतो? आचार्य उत्तर देतात, की माणसे भिन्न असली तरी चार गोष्टी त्यांना समान आहेत: वायू, जल, देश आणि काल, त्या बिघडल्या म्हणजे सर्वजण एकदम आजारी पडतात. दिनचर्या आणि ऋतुचर्या यांचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेने वैयक्तिक आचाराची ही सीमाही तितक्याच स्पष्टपणे आखून ठेवली आहे. महसुली नोकरीत सामाईक विहिरी आणि त्यांतील हिस्से मी असंख्य वेळा नोंदविले. पाण्याच्या पाळ्या ठरतात, विहीर उपसण्याचा खर्च वाटून घेतला जातो. वारा हीदेखील तशीच सामाईक मिळकत आहे, परंतु तिच्या निगराणीचा हिस्सा मात्र कोणाच्याच नावावर लागलेला नाही.

महात्मा गांधींच्या निसर्गोपचाराचा मार्गही असाच वैयक्तिक आचाराकडून सामाईक निगराणीकडे गेला. १९४२ मध्ये आगाखान महालात नजरकैदेत असताना आरोग्यावर लिहिताना त्यांनी पृथ्वी, जल, आकाश, तेज व वायू यांनाच उपचारक मानले. पण पुढे पुण्यात चिकित्सालय चालवावे हा विचार त्यांनी सोडून दिला, कारण तेथे गरिबांचा निभाव लागणार नाही, आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचन या खेड्यात गेले. तेथे मणिभाई देसाई यांच्या हाती सोपविलेले कार्य रुग्णांच्या कटिस्नानापुरते आणि मातीच्या पट्ट्यांपुरते नव्हते. गावाची स्वच्छता हा त्या उपचाराचाच भाग होता.

हे उमगल्यावर आम्ही काही शेजारी मिळून ग्रामसभेत अर्ज ठेवला. उघड्यावर प्लास्टिक जाळू नये, ते भंगारवाल्याकडे जावे. गाळाने भरलेला नाला पावसाळ्यापूर्वी उपसावा. रस्त्याकडेला वड, करंज, कडुनिंब लावून पहिली दोन वर्षे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी वाड्यावाड्यांनी वाटून घ्यावी, एवढ्याच त्या मागण्या होत्या. गोदामांत काम करणारे परप्रांतीय तरुणही सभेला आले, आणि त्यांचे म्हणणे सर्वांत वजनदार ठरले, कारण ते त्याच धुरात निजत होते. सर्व मागण्या फळास आल्या असे नाही. नाला अजून अर्धाच वाहता आहे, काही रोपे वाहनांखाली गेली. परंतु रात्रीचे ते जाळणे थांबले, आणि पुढच्या हिवाळ्यात माझ्या पत्नीला मोकळा श्वास घेता आला. त्या हिवाळ्यात घरातील चुना तोच होता, तांदूळ तोच होता, औषध तेच होते. बदलला होता तो केवळ बाहेरचा वारा.

म्हणून नैसर्गिक जीवनाची आकांक्षा धरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझे कळकळीचे सांगणे आहे, की आपले घर अवश्य सुधारा, घातक ते बाहेर काढा, ऊन आत घ्या, साधे व ताजे अन्न खा, आणि वैद्याचे औषध श्रद्धेइतक्याच नियमाने घ्या; परंतु ज्या दिवशी भिंतींसाठी चुना भिजत घालाल, त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या नावे अर्जही लिहावयास घ्या, आणि त्याच्याखाली सही करण्यासाठी शेजाऱ्याच्या दारी स्वतः जा.