उन्हाच्या गावी

माणसे बिऱ्हाड हलवतात त्याची कारणे नाना प्रकारची असतात. कोणी पोटासाठी जातो, कोणी विद्येसाठी, कोणी लेकरांच्या मागोमाग. परंतु केवळ ऊन मिळावे म्हणून कोणी भरल्या संसारासह शेकडो मैल दूर जाऊन राहिला, असे सांगितले, तर वैशाखात सावली धुंडाळणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाला ते सहसा खरे वाटणार नाही. युरोपच्या उत्तर भागात मात्र हिवाळ्यातील ऊन हे हिशेबाने वाट्याला येते. तेथील धुके आणि ओल दुखणाईताच्या सांध्यांत शिरली, की दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्याची वाट धरण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. फ्रान्सचा विख्यात चित्रकार पिएर ओग्युस्त रेन्वार याच्यावर हाच प्रसंग आला.

पॅरिसच्या उत्तर अंगास मोंमार्त्र नावाची एक टेकडी आहे. १८६० साली ती शहराच्या हद्दीत घेण्यात आली. त्यापूर्वी ते वेशीबाहेरचे एक खेडे होते, आणि पुढेही कित्येक वर्षे तेथील खेडवळपणा पुरता गेला नव्हता. पवनचक्क्या, परसबागा, चढउताराच्या अरुंद वाटा आणि स्वस्त भाड्याची घरे, यांमुळे चित्रकारांना ही जागा मानवली. रेन्वार हा एका शिंप्याचा मुलगा. वयाच्या तेराव्या वर्षी तो चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवण्याच्या कामावर लागला. पुढे ते काम यंत्रे करू लागली आणि त्याची नोकरी गेली. मग रीतसर चित्रकला शिकताना मोने, सिस्ले यांच्यासारखे मित्र त्याला भेटले. त्यांनी १८७४ साली भरवलेल्या प्रदर्शनाची पॅरिसकरांनी यथेच्छ टवाळी केली. मोंमार्त्रच्या एका बागेत रविवारी नाचगाण्यासाठी जमणाऱ्या कष्टकरी तरुणतरुणींचे रेन्वारचे चित्र १८७६ सालचे. पानांच्या जाळीतून गळणारे उन्हाचे कवडसे त्या चित्रात माणसांच्या अंगाखांद्यांवर पडलेले दिसतात. उन्हाची ओढ त्याला दुखणे जडण्यापूर्वीपासूनची होती, हे ते चित्र पाहिले म्हणजे ध्यानात येते.

पुढे संसार वाढला, थोडे स्थैर्य आले, आणि १८९० नंतर काही वर्षे तो त्याच टेकडीवरील एका जुन्या घरात राहिला. त्या घराचे नाव मोठे अर्थपूर्ण होते. मराठीत ते ‘धुक्याचा वाडा’ असे सांगता येईल. त्याचा मधला मुलगा जाँ येथेच १८९४ साली जन्मला. हा मुलगा पुढे स्वतः नामांकित चित्रपटदिग्दर्शक झाला, आणि १९६२ साली त्याने आपल्या पित्याच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. रेन्वारच्या घरातील बारीकसारीक गोष्टी आज ठाऊक आहेत, त्या पुष्कळशा त्या पुस्तकामुळे.

पन्नाशी उलटते न उलटते तोच संधिवाताने डोके वर काढले. १८९७ साली एसवा या गावी, म्हणजे त्याच्या पत्नीच्या माहेरी, तो सायकलवरून पडला व त्याचा उजवा हात मोडला. हात सांधला, पण त्यानंतर दुखणे बळावत गेले. बोटे आखडू नयेत म्हणून तो चेंडू वर फेकून झेलण्याचा खेळ रोज नेमाने खेळू लागला. घरच्यांना त्याची गंमत वाटत असेलही, परंतु त्याच्या लेखी तो खेळ नव्हता. चित्रकाराची बोटे गेली तर त्याच्याजवळ उरते काय?

कोरड्या, उबदार हवेत हिवाळे काढावेत, असा सल्ला त्याला मिळाला. भूमध्य समुद्राच्या त्या किनाऱ्यामागे आल्प्स पर्वताच्या रांगा उभ्या आहेत. त्या उत्तरेचे गार वारे अडवतात, आणि समुद्र थंडीची धार बोथट करतो. त्यामुळे पॅरिसमध्ये अंगावरचा कोट उतरत नाही अशा दिवसांतही तेथे संत्र्याची झाडे फळांनी लगडलेली असतात. रेन्वारने आरंभी या किनाऱ्यावरची निरनिराळी गावे पाहिली. अखेर १९०३ च्या सुमारास नीस शहरापासून जवळच असलेल्या कान्य या गावी तो येऊन राहिला. डोंगराच्या माथ्यावर जुना किल्ला, उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली घरे, खाली शेते आणि पलीकडे समुद्र, असे ते गाव होते. तथापि पॅरिस एका दिवसात सुटले असे मात्र नाही. तेथे त्याचे स्नेही होते, चित्रे विकणारे व्यापारी होते, आणि ज्या जुन्या चित्रांपुढे उभे राहून तो शिकला, ती लूव्र संग्रहालयातील चित्रेही होती. म्हणून उन्हाळा उत्तरेकडे आणि हिवाळा दक्षिणेकडे, असा त्याचा क्रम पुष्कळ वर्षे चालला. साठी ओलांडलेल्या माणसाला मुळे उपटून दुसरीकडे रुजवणे सोपे नसते.

तो तेथे खऱ्या अर्थाने रुजला तो झाडांमुळे. कान्यजवळच ‘ले कोलेत’ नावाची एक बाग होती. तीत शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडे होती. ऑलिव्ह म्हणजे ज्याच्या फळांपासून तेल काढतात तो वृक्ष. त्याचे खोड वयाबरोबर पिळवटत जाते, आणि पानांची एक बाजू हिरवी व दुसरी रुपेरी असल्यामुळे वाऱ्याच्या झुळकेसरशी सगळ्या झाडाचा रंग पालटतो. ती बाग विकली जाणार व झाडांवर कुऱ्हाड पडणार, अशी वार्ता रेन्वारच्या कानी आली. त्या म्हाताऱ्या वृक्षांचे लाकूड होणार, ही कल्पनाच त्याला सोसवेना. १९०७ च्या जून महिन्यात त्याने ती बाग विकत घेतली. ज्याच्या स्वतःच्या हातापायांची लाकडे होत चालली होती, त्याने ही झाडे वाचवली!

बागेत एक जुने, बसके शेतघर होते. रेन्वारला ते चित्रात काढण्यासाठी फार आवडे. त्याची पत्नी आलीन ही शेतकऱ्याच्या वळणाची, व्यवहार जाणणारी बाई. आजारी माणसाला प्रशस्त व सोयीचे घर हवे, हे तिने ओळखले आणि नवे घर बांधवून घेतले. १९०८ साली सारे कुटुंब तेथे राहावयास गेले. तिने भाजीपाला लावला, कोंबड्या पाळल्या, ऑलिव्हच्या तेलाकडे स्वतः लक्ष पुरवले. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा गृहिणींचा उल्लेख एकदोन ओळींत आटोपतो. परंतु परक्या मुलखात घर उभे राहते ते त्यांच्यामुळेच. जुने शेतघर मात्र तसेच राहू दिले, आणि रेन्वारने ते पुनःपुन्हा रंगवले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उन्हाने त्याचे दुखणे बरे झाले नाही. वेदना काही काळ सुसह्य होत असतील, पण रोग आपल्या चालीने पुढे सरकतच राहिला. प्रथम काठी आली, मग कुबड्या, आणि अखेर चाकांची खुर्ची. १९१२ साली एका डॉक्टराने त्याला पुन्हा चालवण्याचा विडा उचलला. बरेच दिवस उपचार झाल्यावर एके दिवशी त्याने रेन्वारला खुर्चीतून उभे केले, आणि सर्वांच्या देखत तो काही पावले चालला. घरच्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. रेन्वारने मात्र डॉक्टराचे आभार मानले आणि तो पुन्हा खुर्चीत बसला. चालण्यात सारी शक्ती खर्ची पडली, तर चित्रांसाठी काय शिल्लक राहणार, हा त्याचा हिशेब होता. त्यानंतर तो चालला नाही. पाय की चित्र, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवण्यास त्याला फार वेळ लागला नाही.

त्याच्या हाताला कुंचला बांधावा लागे, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती पूर्णतः खरी नाही. वळलेल्या बोटांत कुंचल्याचा दांडा रुतून कातडी सोलवटू नये, म्हणून तळहातात कापडाची पट्टी गुंडाळीत, आणि कोणीतरी कुंचला त्याच्या बोटांत सरकवून देई. एकदा तो हाती आला, की रेषा ओढणारा हात रेन्वारचाच असे. १९१५ साली साशा गित्री याने घेतलेल्या एका लहानशा चित्रपटात हे दृश्य आजही पाहावयास मिळते. धाकटा मुलगा क्लोद शेजारी उभा आहे, आणि पिता मान तिरपी करून कापडाकडे पाहत भराभर रंग लावीत आहे.

त्याच वर्षी घरावर घाव पडला. महायुद्धात थोरले दोन्ही मुलगे जखमी झाले होते. जाँला पाहण्यासाठी दूरच्या रुग्णालयात जाऊन आलेली आलीन स्वतःच आजारी पडली आणि जूनमध्ये वारली. जिने हे घर उभे केले, ती गेली. रेन्वारची खुर्ची मात्र रोज बागेतील काचेच्या चित्रशाळेकडे जात राहिली. ऑलिव्हच्या झाडांमध्ये उभारलेल्या त्या खोलीत पडदे सरकवून हवा तेवढाच उजेड आत घेता येई. मोठ्या चित्रासाठी कापड रुळांवर गुंडाळून वरखाली सरकवण्याची युक्ती केलेली होती. हात पोहोचत नसे, तेथे चित्रच हाताजवळ येई. ऑलिव्हच्या झाडाने मात्र त्याला अखेरपर्यंत दमवले. रंग कालवून होईपर्यंत वारा येई, आणि झाड निराळेच दिसू लागे.

१९१७ च्या अखेरीस हेन्री मातीस हा चित्रकार त्याला भेटावयास आला. तोही उत्तर फ्रान्सचाच, आणि नुकताच नीस येथे येऊन राहिलेला. पुढे तो आणखी कित्येकदा आला आणि आपली चित्रे या वृद्धाला दाखवीत राहिला.

१९१८ आणि १९१९ या वर्षांत रेन्वारने आपले शेवटचे मोठे चित्र पुरे केले. दोन स्त्रिया हिरवळीवर विसावल्या आहेत, मागे झाडी आहे, आणि साऱ्या चित्रावर त्या किनाऱ्याचे तांबूस, उबदार ऊन पसरले आहे. चित्र काढणाऱ्याला वेदनेपायी रात्र रात्र झोप लागत नसे, याचा मागमूसही त्यात सापडत नाही. ३ डिसेंबर १९१९ रोजी त्या बागेतच त्याचा अंत झाला.

त्याचे दफन प्रथम नीस येथे झाले. काही वर्षांनी पतिपत्नी दोघांच्याही शवपेट्या उत्तरेस, एसवा गावी नेण्यात आल्या. कान्यचे घर गावाने घेतले आणि १९६० साली तेथे संग्रहालय उघडले. त्याची चाकांची खुर्ची तेथे ठेवलेली आहे, आणि बाहेर ऑलिव्हची झाडे उभी आहेत.