माहेरचं पाणी

भाईजानचा मोठा मुलगा झांबियात, लुसाकाला नोकरीला आहे. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याहून माहेरी सांगलीला गेले होते, तेव्हा त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. मित्रांबरोबर तो करिबा तलावावर गेला होता. समुद्रासारखं पाणी, पाण्यावर दुमजली हाउसबोट, काठावर पाणी पिणारे हत्ती, गळ टाकून बसलेले गोरे पाहुणे आणि शेवटी लालभडक सूर्यास्त. घरातली पोरं ‘वाह, वाह’ करत मोबाइल एकमेकांकडे देत होती. फिरत फिरत तो अम्मीच्या हातात गेला. तिने चष्मा पुसून पूर्ण व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, “धरण का पानी है क्या ये?”

“हां दादी, धरण का.”

“तो इसके नीचे किसका गाँव था?”

पोरं हसली. मला हसू आलं नाही.

त्या रात्री मी शोधून वाचलं. झांबेझी नदीवर झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर 1955 ते 1959 या काळात करिबा धरण बांधलं गेलं. त्यामागे साठलेला तलाव पावणेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. मानवाने तयार केलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या तलावांमध्ये त्याची गणना होते. नदीकाठी पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या टोंगा जमातीच्या सुमारे 57 हजार लोकांना तिथून हलवलं गेलं. पाणी चढू लागल्यावर टेकड्यांवर अडकलेले हजारो प्राणी वाचवायला मोठी मोहीम निघाली. तिला हजरत नूह यांच्या नावावरून ‘ऑपरेशन नोआ’ म्हटलं गेलं आणि ती जगभर गाजली. हत्तीच्या पिल्लासाठी धावपळ झाली हे चांगलंच झालं, पण टोंगांच्या घरांसाठी इतकं जग जागं झालं नव्हतं. सकाळी हे सगळं अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “हमारे टैम पे तो जानवरां कू भी कोई नहीं आया.”

अम्मीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात होतं. गावात मुलाण्याचं घर एकच, ते तिचं. नाना गावकीचं काम करायचे, थोडी इनाम जमीन कसायचे. अम्मी सात वर्षांची असताना नानी बाळंतपणात वारली. ओढ्याच्या पलीकडे एका आंब्याखाली आमच्या लोकांच्या दहा-बारा कबरी होत्या, तिथेच तिला दफन केलं. पुढच्या तीन-चार वर्षांत धरणाची भिंत वर येत गेली आणि गाव उठलं. नाना पोरांना घेऊन आधी कराडला नातेवाइकांकडे राहिले, मग मिरजेला रेल्वेच्या यार्डात हमालीला लागले. गावकीतला मुलाणी शहरात आला की नुसता मजूर होतो. अम्मी पुन्हा कधी तिकडे गेली नाही. जायला उरलं काय होतं?

इथे माझी एक गोष्ट कबूल करते. बीएड करून मी शिक्षिका झाले त्याला वीस वर्षं होऊन गेली. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, कधी भूगोलाचा तासही माझ्याकडे येतो. ‘महाराष्ट्राची भाग्यरेषा कोणती?’ या एका गुणाच्या प्रश्नाचं उत्तर मी किती मुलांकडून घोकून घेतलं असेल, मोजदाद नाही. कोयना. भिंतीची उंची 103 मीटर, जलाशयाचं नाव शिवसागर, साठवण क्षमता 105 टीएमसीहून थोडी जास्त, वीजनिर्मिती 1960 मेगावॅट. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पाणी पोफळीकडे उतरतं, वीज देऊन वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. हे सगळं मला पाठ. शंभराच्या आसपास गावं त्या पाण्याखाली गेली हेही माहीत होतं. पण फळ्याजवळ उभी असताना त्यातलं एक गाव माझ्या आईचं आहे, असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही. मुलांनी विचारलं नाही आणि परीक्षेला ते येत नाही.

अम्मीचा स्वभाव रडण्याचा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा भाईजानचं घर छातीइतक्या पाण्यात होतं. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीत येतं. नावेतून बाहेर काढताना भाभी रडत होती. अम्मी म्हणाली, “रो मत. मेरे मैके का पानी है, मिलने कू आया.” छावणीत हे वाक्य इतकं फिरलं की अनोळखी बायका तिला बघायला यायच्या.

तर त्या करिबाच्या व्हिडिओनंतर दोन दिवसांनी चहा पिता पिता ती म्हणाली, “मला एकदा तिकडे न्या.” मराठीत म्हणाली. अम्मी मराठीत बोलली की समजायचं, गोष्ट पक्की आहे.

साताऱ्याहून बामणोली पस्तीसेक किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून कास पठार, पुढे कासचा तलाव आणि मग उतार. पठारावरची फुलं संपली होती, गवत पिवळं पडलं होतं. अम्मी, भाईजान, भाभी, मी, माझे शोहर आणि चार पोरं असे दोन गाड्यांत निघालो. शेवटच्या वळणावर शिवसागर दिसला. खरं सांगते, डोळ्यांचं पारणं फिटावं असाच आहे. हिरव्या डोंगरांच्या मधून निळं पाणी बोटांसारखं आत आत शिरलेलं. वर तापोळ्याला लोक ‘मिनी काश्मीर’ म्हणतात, ते उगीच नाही. पोरांनी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं: स्पीडबोट, वॉटर बाइक, तंबूत मुक्काम, वासोटा किल्ला. वासोट्याला जायला बामणोलीत वनखात्याची परवानगी काढावी लागते, बोटीने तास-दीड तास जाऊन मग जंगलातून चढायचं असतं. अम्मीला घेऊन ते शक्य नव्हतं, म्हणून ते रद्द. पोरांची तोंडं उतरली.

एक सूचना करते, कारण कुटुंबं सहलीला जातातच. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, आणि बुरख्यावरून किंवा दुपट्ट्यावरून कसं घालायचं म्हणून लाजू नका. भाभीने आधी नकार दिला होता. बोटवाल्याने सरळ सांगितलं, “ताई, मग बोट निघणार नाही.” शाब्बास म्हणावं अशा माणसांना. जेवायला तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि तलावातला मासा मिळतो. मटणाचा डबा आम्ही घरून नेला होता, पण मासा इतका ताजा होता की डबा तसाच परत आला.

हा बोटवाला तिशीतला. अम्मीने गावाचं नाव सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्याच्या वडिलांचंही गाव तेच. काही कुटुंबं दूरच्या पुनर्वसनाला न जाता पाण्याच्या वर सरकून डोंगरउतारावर राहिली होती, त्यांपैकी हे. शाळा असो, दवाखाना असो की बाजार, त्यांना लाँचशिवाय पर्याय नाही. पर्यटक ज्या पाण्यावर पैसे देऊन फेरी मारतो, ते पाणी ओलांडून इथली पोरं शाळेत जातात. आमच्या वर्गातली पोरं रिक्षा चुकली म्हणून घरी बसतात, ते आठवलं.

बोट अर्धा तास चालली. एका खाडीसारख्या जागी त्याने इंजिन बंद केलं. “आजी, इथंच. पण आत्ता वर दहा-बारा पुरुष पाणी आहे. बघायचं तर मे महिन्यात या.”

पोरं पहिल्यांदाच गप्प झाली. अम्मीने पाण्यात हात घातला, तो तसाच ओला चेहऱ्यावर फिरवला आणि बराच वेळ ओठ हलत होते. मग म्हणाली, “चला.” परतताना पोरांना स्पीडबोटही मिळाली आणि ती ओरडलीही भरपूर. अम्मीनेच बसा म्हणून सांगितलं.

मे 2024. या वेळी पोरं नव्हती. अम्मी, भाईजान आणि मी. उन्हाळाभर पाणी वापरलं जातं, जलाशय आटत जातो, आणि नोव्हेंबरात निळं दिसलेलं सगळं आता भेगाळलेलं तपकिरी होतं. काठावर गुरं चरत होती. बोटवाल्याबरोबर त्याचे वडील आले होते. वय ऐंशीच्या पुढे, काठी हातात, पण चाल आमच्यापेक्षा ताठ. अम्मीकडे बघून त्यांनी विचारलं, “मुलाण्याची पोर का तू? थोरली?”

“धाकटी,” अम्मी म्हणाली. चौऱ्याहत्तर वर्षांची अम्मी त्या क्षणी खरंच धाकटी दिसली.

बोट गाळात थांबली. भाईजानने अम्मीला जवळजवळ उचलूनच उतरवलं. पाऊण तास आम्ही चालत होतो. घरांची जोती दिसत होती, दगडी, गुडघ्याइतकी. काही नुसत्या रेघा. बाबा काठीने दाखवत होते: हे पाटलाचं, हे सुताराचं, इथं चावडी. अम्मी मान हलवायची, मध्येच “नाही, तो पलीकडे” म्हणायची, आणि दोघांचा वाद व्हायचा. ओढा मात्र दोघांनी एकाच वेळी ओळखला. पाणी नव्हतं, पण वळण तेच होतं.

ओढ्याच्या पलीकडे सपाट गाळ. आंबा नाही, त्याचं खोडही नाही. गरिबाची कबर मातीची, उशा-पायथ्याला एकेक दगड. साठ वर्षं दरसाल पाणी चढतं आणि उतरतं, काय राहणार? अम्मी पुढे गेली, थांबली, चार पावलं मागे आली. “या इथं. नाहीतर तिथं.” मग दोन्हींच्या मध्ये उभी राहून तिने हात उचलले. आम्हीही उचलले. बाबा आणि त्यांचा मुलगा चपला काढून थोडे अंतरावर उभे राहिले. नानीच्या मग्फिरतसाठी दुआ मागताना माझ्या लक्षात आलं की मला नानीचा चेहरा ठाऊक नाही, फोटोही नाही, आणि अम्मीलाही तो आता आठवत नाही. तिला फक्त हिरव्या बांगड्या आठवतात.

परत येताना बाबांनी त्यांच्या वस्तीवर नेलं. चढ होता, अम्मी तीनदा बसली. चहा झाल्यावर ते आम्हाला गोठ्याकडे घेऊन गेले. गाव उठताना लोकांनी घरांची वासे-दारं काढून विकली किंवा वाहून नेली. बाबांच्या वडिलांनी मुलाण्याच्या घराची चौकट घेतली होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात त्यांचं घर पडलं, आणि मग ती चौकट गोठ्याला लागली. “ही बघ तुमची.”

अम्मीने हात लावून पाहिलं. खालून वर, वरून खाली. “ही आमची नव्हे,” ती म्हणाली. “आमची शिसवी होती.”

“शिसवी कुठली मुलाण्याला!” बाबा म्हणाले. “आंब्याचीच होती. माझ्या बापानं पैसे मोजलेत.”

“शिसवी होती.”

दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही. भाईजान आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. निघताना बाबांच्या सुनेने अम्मीची ओटी भरायला खण आणला, मग घुटमळली. अम्मीने पदर पुढे केला. “माहेरचं आहे, दे.” याबद्दल कुणाचं काही मत असेल तर असो, मी तिथे होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कासच्या अलीकडे गाडी थांबवून आम्ही असर पढली. पुन्हा गाडीत बसल्यावर अम्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “असेलही आंब्याची.”

जूनमध्ये शाळा सुरू झाली. कोयनेचा पाठ आला तेव्हा मी उंची, साठवण, मेगावॅट सगळं सांगितलं आणि मग अम्मीचं गावही सांगितलं. तास संपला तरी मुलं उठली नाहीत. एका मुलीने विचारलं, “टीचर, ती चौकट कुणाची होती?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी घरी विचारून आणलं होतं की त्यांच्या दादांची गावंही तिकडचीच.

त्याच महिन्यात भाईजानच्या मुलाचा फोन आला. अम्मीने फोन हिसकावून घेतला आणि करिबाचं पाणी किती आहे ते विचारलं. त्याने सांगितलं, “दादी, यंदा इकडे मोठा दुष्काळ आहे, तलाव खूप खाली गेलाय, वीजही तासन्‌तास नसते.”

“तो वहां के लोगां कू बोल,” अम्मी म्हणाली, “अभी जाके देख लेव. पानी उतरा सो टैम पेच दिखता.” मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “तिकडे पाऊस कधी लागतो?”

मी म्हटलं, “नोव्हेंबरात.”

तिने बोटांवर महिने मोजले. “मग वेळ आहे त्यांना,” म्हणाली, आणि फोन पोरांकडे दिला.