हत्ती गवताची कापणी

इचलकरंजीभोवती पंचगंगेच्या काठाला कुणाकडे चार गुंठे मोकळे असले, तर तो तिथे ऊसच लावणार. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गोठ्यात वाड्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, चंगळ असते. पण गाळप आटोपतं, वाडं संपतं, आणि म्हशीच्या धारा काही हंगाम बघून थांबत नाहीत. उन्हाळ्यात विकतच्या कडब्यावर गोठा चालवायचा म्हटलं तर दुधाचं बिल वैरणवाल्याकडेच जातं. म्हणून उसाच्या शेजारी अर्धा एकर तरी संकरित नेपियर असावं, या मताचा मी आहे. आमच्याकडे त्याला हत्ती गवतच म्हणतात.

हे गवत उसाच्याच कुळातलं. बाजरी आणि आफ्रिकेतलं मूळ नेपियर यांचा हा संकर. बाजरीचा लुसलुशीत पाला आणि नेपियरचं वर्षानुवर्षं फुटत राहणं, दोन्ही त्यात उतरलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत हे वाण आपल्याकडे चांगले रुळले आहेत. याला तुरा येतो, पण बी धरत नाही. त्यामुळे लागवड कांडीची नाहीतर ठोंबाची.

तीन महिन्यांच्या पक्व ताटाच्या मधल्या भागातली दोन डोळ्यांची कांडी घ्यावी. शेंडा कोवळा असतो, तो कुजतो. सरी तीन फुटांची, कांडीत अंतर दोन फूट. या हिशेबानं एकराला सात-सव्वासात हजार कांड्या लागतात. कांडी तिरपी रोवायची, एक डोळा मातीत आणि एक वर. खालच्यातून मुळ्या धरतात, वरच्यातून कोंब येतो. मुहूर्त पावसाळ्याच्या तोंडावरचा, किंवा पाणी हाताशी असेल तर फेब्रुवारी-मार्चचा. नदीकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचू देऊ नये. ऊस एक वेळ तग धरेल, याची मुळं मात्र गुदमरतात.

इथवर कुणालाही जमतं. खरी कसोटी विळ्याची. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या चाळीस-पन्नास दिवसांच्या अंतरानं. कापताना जमिनीवर वितीपेक्षा थोडं कमी खोड ठेवायचं. पुढच्या फुटव्याची शिदोरी त्या खोडात असते. अगदी मातीलगत खरवडलं तर पावसात पाणी मुरून बेट सडतं. फार वर कापलं तर वरच्या पेरांतून बारीक, लुकडे फुटवे येतात आणि बेट उंचावर चढत जातं. विळ्याला धार हवी, एका झटक्यात ताट तुटलं पाहिजे. बोथट विळ्यानं ओढून तोडलेल्या ताटाचं टोक चिंबतं, दोऱ्या सुटतात, आणि तिथूनच कूज उतरते.

छातीएवढं झालं की मी कापायला घेतो. पुष्कळांचा जीव तिथे होत नाही. दहा फूट वाढू देतात, आल्यागेल्याला हौसेनं दाखवतात. वजन वाढतं हे खरं, पण ते ताटाचं. पाला पिवळा पडतो, प्रथिनं घटतात, ताट लाकडासारखं होतं. कडबा कुट्टीच्या मशीनमधून काढलं की सगळं सारखंच हिरवं दिसतं, म्हणून माणूस फसतो, म्हैस फसत नाही. संध्याकाळी गव्हाणीत हात घालून बघावं. पाल्याचे तुकडे गेलेले असतात आणि तळाशी पांढऱ्या गाभ्याची जाड चकती-चकती उरलेली असते, लाळेनं ओली, चघळून टाकलेली. तशी चकती हाताला लागली की पुढची कापणी आठवडाभर अलीकडे ओढायची. एकरी किती टन, या चर्चेपेक्षा मला गव्हाणीतला हा पुरावा जास्त पटतो.

कापणी झाली की लगेच सरीत शेणखत नाहीतर गोठ्याचं मूत-पाणी सोडावं, वर थोडा युरिया आणि पाणी. इतकं देणारं गवत जमिनीतून तितकंच उचलतं. आणि नुसत्या या गवतावर जनावर पोसू नये. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, दुभत्या म्हशीला ते परवडत नाही. कडबा हवा, लसूणघास किंवा चवळी हवी, खनिज मिश्रण हवं. आमची पंढरपुरी म्हैस काटक खरी, पण काटकपणाच्या भरवशावर तिची हाडं झिजवू नयेत.

२०१९ आणि २०२१च्या महापुरांनी आणखी एक काम या गवताला जोडून दिलं. पंचगंगा पात्राबाहेर आली की काठची वैरण पाण्याखाली जाते, रस्ते बंद होतात, आणि पाणी ओसरल्यावर गाळ बसलेला पाला जनावरं तोंडात घेत नाहीत, घेऊही देऊ नये. म्हणून मे महिन्यातल्या कापणीचा काही वाटा मुरघासाला ठेवावा. नेपियरमध्ये साखर कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे कापल्या कापल्या भरलं तर मुरघास नासतो. कापून दिवसभर सुकू द्यायचं, मूठ दाबल्यावर पाणी निथळता कामा नये. मग कुट्टी करायची आणि पिशवीत थरावर थर देताना गुळाचं पाणी शिंपडायचं. गुळाला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही. पायानं तुडवून हवा काढायची, पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं, आणि पिशव्या उंचावरच्या नातलगाच्या पडवीत नेऊन ठेवायच्या. दीड महिन्यांनी पिशवी उघडली आणि आंबूस-गोड वास आला, रंग सोनेरी-हिरवा राहिला असेल, तर मुरघास साधला. काळपट, बुरशी धरलेला थर दिसला तर तो उकिरड्यावर टाकावा, म्हशीपुढे नाही.