महाराष्ट्र म्हणजे तीस

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकयादी इंटरनेटवर टाकायचं ठरलं तेव्हा कार्यकारिणीची अट एकच होती: दरमहा पैसे जातील असं काही नको. म्हणजे डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम नाही. यादीतून साधी एचटीएमएल पानं तयार करायची आणि फुकट जागा मिळेल तिथे चढवायची. हे २००९ सालचं. नोकरीत मी दिवसभर पर्ल या भाषेतच प्रोग्राम लिहीत होतो, त्यामुळे टेम्प्लेट टूलकिट हाताखालचं होतं. ग्रंथपालबाईंनी दाखल नोंदवहीवरून सगळी पुस्तकं एका मुलाकडून टंकून घेतली होती, आणि त्या मुलाने ती युनिकोडमध्ये टंकली होती हे आमचं नशीब. त्या काळात निम्मी मराठी कागदपत्रं श्रीलिपीच्या नाहीतर आणखी कुठल्या फॉन्टच्या कोंडवाड्यात असायची.

टेम्प्लेट टूलकिट हे अँडी वॉर्डली या ब्रिटिश प्रोग्रामरचं काम. पानाचा सांगाडा एका फाइलीत, माहिती दुसरीकडे. सांगाड्यात जिथे माहिती यायची तिथे [% आणि %] या खुणांमध्ये तिचं नाव लिहायचं. त्याच्या बरोबर येणारी टी-ट्री नावाची आज्ञा चालवली की अख्ख्या फोल्डरमधल्या सांगाड्यांची पानं होतात, चित्रं आहेत तशी उचलून पलीकडे ठेवली जातात. मला त्यात सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे सांगाड्यात थेट पर्ल लिहायची सोय मुळात बंद असते. चालू करता येते, पण मुद्दाम चालू करावी लागते. आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना हा आगाऊपणा वाटायचा. मला वाटायचं, बरं झालं. पर्ल आत शिरलं की ती फाइल बाईंना कधीच वाचता येणार नाही, आणि मी गाव सोडून गेलो की यादी तिथेच थिजणार.

मग तारीख कशी छापायची, तीन रकान्यांत नावं कशी लावायची? त्यासाठी प्लगइन. टूलकिटबरोबर डझनभराहून जास्त तयार प्लगइन येतात: डेट, टेबल, फॉरमॅट, रॅप, डेटाफाइल, डिरेक्टरी, इमेज, असे. सांगाड्याच्या माथ्यावर ‘यूझ’ लिहून नाव घेतलं की तो हजर. टूलकिटवरचं, बिज्जूच्या चित्राचं ओरायलीचं पुस्तक २००३ साली आलं होतं, त्यात यांच्यासाठी बरीच पानं दिलेली होती, तरी लोक ती ओलांडून स्वतःचं लिहायला बसत. माझा नियम उलटा होता. आधी तयार प्लगइन, तो थकला की मगच आपलं.

सुरुवात डेटाफाइलपासून. हा प्लगइन साधी मजकूर-फाइल वाचतो. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, पुढे एका ओळीत एक पुस्तक. काही सांगितलं नाही तर तो रकाने अपूर्णविरामावर तोडतो. मराठी पुस्तकांची नावं पाहा: मुख्य शीर्षक, अपूर्णविराम, मग उपशीर्षक. समीक्षेचं तर एकही पुस्तक त्यावाचून सुटत नाही. स्वल्पविराम लावावा तर तोही नावांत असतो, आणि अवतरणातला स्वल्पविराम सोडून देण्याइतकी समज या प्लगइनला नाही. शेवटी उभी दांडी ठरली, कारण ती कुठल्याच लेखकाला सुचलेली नव्हती.

पहिलं पान तयार झालं आणि दाखल क्रमांकाचा रकाना कोरा. बाकी सगळं जागच्या जागी. फाइल नोटपॅडमध्ये साठवलेली होती, आणि युनिकोडमध्ये साठवताना त्या काळचा नोटपॅड फाइलीच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी एक खूण टाकायचा. डेटाफाइलने ती खूण पहिल्या रकान्याच्या नावातच धरली, त्यामुळे मी मागत असलेल्या नावाचा रकाना त्याच्या लेखी नव्हताच. सांगाड्याच्या फाइलीत अशी खूण आली तर टूलकिट ती ओळखतं आणि बाजूला काढतं. त्याच घरातल्या प्लगइनला मात्र ते ठाऊक नाही.

टेबल प्लगइनने मला काही त्रास दिला नाही, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात. यादी द्यायची, तीन रकाने म्हणून सांगायचं. नावं आडवी न जाता आधी खाली उतरतात, मग शेजारच्या रकान्याच्या माथ्यावर जातात. मराठी माणूस अकारविल्हे यादी अशीच वाचतो. शेवटी जागा उरली तर तो रिकामे घर भरून देतो. त्या काळच्या काही ब्राउझरांत रिकाम्या घराची चौकट गायब व्हायची, तेवढी एक अट घातली की झालं.

डेट जरा हट्टी. बाईंच्या यादीत दाखल तारीख 15-08-1987 अशी. दिवस आधी, मग महिना, हा क्रम त्याला मान्य होता आणि मधल्या आडव्या रेघाही चालत होत्या. पण तो वेळ मागतो. तास, मिनिट, सेकंद पुढे नसतील तर तारीख वाईट आहे म्हणून सांगतो आणि पान बनवायचं थांबतो. पुस्तक किती वाजता दाखल झालं हे कुठल्या नोंदवहीत लिहितात? प्रत्येक तारखेपुढे शून्य वाजले असं चिकटवून त्याची समजूत घातली.

खरी गंमत रॅपने केली. हा प्लगइन मजकूर ठरावीक रुंदीत बसवून ओळी पाडतो. नव्या पुस्तकांची साधी यादी सभासदांना ईमेलने जायची, तिच्यासाठी मी ७२ अक्षरांची ओळ ठरवली होती. पानं ब्राउझरमध्ये अगदी स्वच्छ दिसत होती, पण ईमेलमध्ये एका ओळीत जेमतेम चार शब्द. शिवाय परिचय छोटा करून तीन टिंबं लावणारा जो फिल्टर आहे, तो शेवटच्या अक्षराजागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवून जात होता.

एका चलात ‘महाराष्ट्र’ हा शब्द ठेवला आणि त्याची लांबी छापली. ३० आली. आपल्या डोळ्याला तो म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबाने दहा चिन्हं: काने आणि पाय मोडल्याच्या खुणा वेगळ्या मोजल्या जातात. पण संगणकावर साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं, आणि टूलकिट अक्षरं मोजतच नव्हतं, बाइट मोजत होतं. जसे आत आले तसे बाहेर जात होते म्हणून पान ठीक दिसत होतं. मोजायची किंवा कापायची वेळ आली की मात्र कात्री अक्षराच्या पोटातून जायची.

उपाय टूलकिटमध्येच होता: फाइली कुठल्या संकेतनात आहेत ते टूलकिटला सांगायचं. सांगितलं. आता मथळे, मेनू, तळटीप सगळं बरोबर आणि पुस्तकांची नावं मात्र भ्रष्ट. उलटी मात्रा दिलेला रोमन ए आणि एक चार पायांचं गोल चलनचिन्ह, हीच जोडी पानभर. मध्येच चलनचिन्हाच्या जागी जपानी येन. येन कुठे येतो ते पाहत बसलो तर तो फक्त दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पायमोडीच्या जागी येत होता. देवनागरीच्या युनिकोड तक्त्याचा पूर्वार्ध चलनचिन्हाच्या वाट्याला आणि उत्तरार्ध येनच्या. कारण एवढंच की सांगाडे आता अक्षरं म्हणून वाचले जात होते, पण माझ्याकडच्या आवृत्तीतला डेटाफाइल प्लगइन फाइल अजून जुन्याच पद्धतीने, नुसते बाइट म्हणून उघडत होता. दोन्ही एका पानात मिसळले की बाइटांना रोमन अक्षरं समजून त्यांचं पुन्हा संकेतन होतं.

इथे तयार प्लगइन थकला. पण टाकून द्यायची गरज नव्हती. पर्लमध्ये डेटाफाइललाच पूर्वज मानून दहा-बारा ओळींचा वारस लिहिला: काम सगळं त्याने करायचं, आलेली प्रत्येक किंमत वारसाने अक्षरांत आणायची, आणि सुरुवातीची ती न दिसणारी खूण पुसायची. एकच गोष्ट बाईंना बजावून सांगितली: तयार प्लगइनचं नाव लहान अक्षरांत लिहिलं तरी चालतं, आपल्याचं जसं आहे तसंच लिहायचं, नाहीतर प्लगइन सापडला नाही म्हणून तक्रार येईल.

दुसरा प्लगइन निव्वळ मराठीसाठी. महिन्यांची नावं डेट प्लगइन यंत्राच्या लोकेलवरून मराठीत देऊ शकतो, पण पानं बनायची ती बाईंच्या टेबलावरच्या विंडोज यंत्रावर, स्ट्रॉबेरी पर्लवर, आणि तिथल्या लोकेलचा मला भरवसा नव्हता. बारा नावं सरळ लिहून टाकली. अंक देवनागरी करणं ही तर पर्लमध्ये एका ओळीची गोष्ट. वार्षिक अहवालात ग्रंथांची एकूण किंमत यायची. तयार फॉरमॅट प्लगइन दोन दशांश देतो, स्वल्पविराम देत नाही, आणि इतरांनी लिहिलेले बहुतेक तीन-तीन अंकांवर तोडतात. लाख कळणारा मलाच लिहावा लागला.

हे सगळं झाल्यावर बाई यादी तपासायला बसल्या. चष्मा नाकावर घेऊन ‘क’चं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“अहो, काळे काशीकरांच्या आधी कसे आले?”

क्रम टूलकिटने लावला होता, तक्त्यातल्या जागेप्रमाणे. तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर. मी क्रम लावण्यापुरता ‘ळ’ ‘ह’च्या पलीकडे ढकलायची सोय मराठी प्लगइनमध्ये केली आणि काळे आपल्या जागी गेले.

“आणि क्षीरसागर?” मी विचारलं. तक्त्याप्रमाणे ते ‘कौ’नंतर, ‘क’च्या शेपटाला आले होते. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘क्ष’ अगदी शेवटी. तिकडे न्यायचे का?

बाई उठल्या, कार्डांचा लाकडी खण ओढला, बोटाने मागची कार्डं चाळली. “आमच्याकडे ते ‘क’मध्येच आहेत. तिथेच राहू द्या, लोकांना सवय आहे.”

‘ज्ञ’पाशी मात्र त्या अडल्या, कारण खणात तो दोन ठिकाणी निघाला. कुठल्या तरी आधीच्या ग्रंथपालांनी मध्येच पद्धत बदललेली असावी. बाईंनी विचार केला आणि सांगाड्याची फाइल स्वतः उघडून, टक्क्यांच्या खुणांना धक्का न लावता, पानाच्या तळाशी टंकलं: ‘ज्ञ’साठी ‘ज’चं पान पाहावं. मला विचारलंसुद्धा नाही.

पुढे त्यांचा फोन आला तो मुखपृष्ठांसाठी. प्रत्येक पुस्तकापुढे चित्र टाकता येईल का? येईल, मी म्हटलं, इमेज नावाचा तयार प्लगइन आहे, लांबी-रुंदीही तोच काढतो. एवढी मुखपृष्ठं स्कॅन कोणी करायची, हे कार्यकारिणीत ठरायचं होतं.