दोन सूत

आमच्या रोह्याच्या घराच्या पाठीला बाक आलाय, हे मला कळलं ते एका फोटोमुळे. अंगणात उभं राहून मस्त सेल्फी काढला, ग्रुपवर टाकला, आणि मैत्रिणीचा लगेच मेसेज, ‘कॅमेरा वाकडा धरलायस का गं?’ झूम करून पाहिलं. कॅमेरा सरळच होता. माझ्या डोक्यामागे घराचं आढं मधोमध खाली आलं होतं. ओली चादर वाळत घातल्यावर दोरी खाली येते ना, अगदी तस्सं.

बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘जुनं घर आहे. चालायचंच.’

आता थोडं घराविषयी. रोहा म्हणजे कुंडलिकेकाठचं गाव, कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते. आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. ओटी, माजघर, मागे पडवी आणि वर मंगलोरी कौलं. नोकरीसाठी मी मुंबईत, भाऊ पुण्यात, आणि आई-बाबा दोघंच तिथे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमचीही दोनेकशे कौलं उडाली. लॉकडाऊन चालू, माणसं मिळेनात. जिथे जमलं तिथे कौलं बसवली, बाकी ठिकाणी निळी ताडपत्री. ती ‘तात्पुरती’ ताडपत्री तीन पावसाळे राहिली!

२०२३ च्या एप्रिलमध्ये बाबांनी जाहीर केलं, ‘स्लॅब टाकू. नाहीतर विकून टाकू. कौलांचं काही खरं नाही.’ एका कॉन्ट्रॅक्टरनं स्लॅबचा आकडा सांगितला नऊ लाख. तेवढे नव्हते. म्हणजे उरलं विकणं. गंमत म्हणजे या घराबद्दल एरवी तासभर बोलू शकणारा माणूस सुताराला वर चढवायला मात्र तयारच नव्हता.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. माझा पगारच मुळी ‘नक्की बिघडलंय कुठे’ हे शोधण्याचा. बग सापडल्याशिवाय अख्खं सॉफ्टवेअर फेकून द्यायला निघालेल्या माणसाशी माझं ऑफिसातही पटत नाही, मग घरात कसं पटेल? बाबांना न विचारता मी गावातल्या जुन्या सुतारमामांना बोलावलं. बाबांनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं.

मामा आले आणि आधी अर्धा तास नुसते बघत बसले. प्रत्येकाची थिअरी ऐकून घेतली. शेजारचे काका म्हणाले, वाळवी. आई म्हणाली, वादळ. मी म्हटलं, वजन. वजनाचा हिशोब मी करूनच ठेवला होता. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. आमचं छप्पर शंभरेक चौरस मीटरचं. म्हणजे जवळजवळ पावणेचार टन, तेही कोरडी असताना! चार छोट्या गाड्या छपरावर पार्क केल्यासारखं. मामा म्हणाले, ‘वजन तर पयल्यापासून आहे गो बाय. मग आत्ताच का वाकलं?’

मीटिंगमध्ये हा प्रश्न मी विचारते. इथे मला विचारला गेला.

मग तपासणी सुरू झाली. मामांनी माजघराच्या माळ्यावर चढून आढ्याच्या अंगाला दोन टोकांना खिळे मारले आणि दोरी ताणली. मधोमध आढं दोरीच्या तीन इंच खाली. मग एकेका वाशावर हातोडीनं टकटक. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द. जिथे बद्द, तिथे पटाशी टोचून बघायची. ताडपत्रीखालचे आठ वासे गेलेले निघाले, भिंतीवर टेकतात तिथेच कुजलेले. वाळवी थोडी, ओल जास्त. पण आढं? ऐनाचं, वीतभर रुंद, आणि पटाशी आत जाईचना. आढं ठणठणीत होतं. आणि तरीही वाकलेलं.

मामांनी आढ्याच्या खालच्या अंगावरून हात फिरवला आणि मला वर बोलावलं. टॉर्च मारला तर मधोमध एक चौकोनी खाच. चार बोटं खोल, आत कोळिष्टकं.

‘इथं खांब होता,’ ते म्हणाले.

खाली बाबा उभे होते. ते चहा सांगायला आत निघून गेले.

त्या रात्री मी कागदावर पुन्हा हिशोब केला. माजघरावरचा गाळा अठरा फुटांचा. मधे खांब असताना आढ्याला नऊ-नऊ फूट पेलायचं होतं. खांब गेल्यावर एकदम अठरा. फुटामागचं वजन तेवढंच राहिलं, तरी अंतर दुप्पट झालं की लाकूड ढोबळमानानं सोळापट वाकतं. दुप्पट नाही, सोळापट! शिवाय सतत वजनाखाली राहिलेलं लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं, आणि भिजणं-सुकणं चालू असलं की जास्तच. म्हणजे वादळानं आणि ताडपत्रीनं ते वाढवलं, पण सुरुवात त्यांनी केली नव्हती.

खांबाचं जुनं लाकूड पेणच्या वखारीत मिळेल, असं मामा म्हणाले. पाडलेल्या वाड्यांचे खांब तिथे येतात. पुढच्या रविवारी मी निघाले, तर बाबा चपला घालून दारात उभे. ‘मी येतो,’ म्हणाले. ट्रेनमध्ये गप्पच. पेणला मे महिन्यात गल्लोगल्ली गणपतीच गणपती. अजून रंग नाही, डोळे नाहीत, नुसत्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती ओळीनं वाळत ठेवलेल्या. वखारीत खांब पसंत केला आणि तो कापून होईपर्यंत आम्ही समोर उसाचा रस घेत बसलो.

‘शहाण्णव साली काढला मी तो,’ बाबा एकदम म्हणाले.

१९९६ चा वर्ल्ड कप. घरात नवाकोरा रंगीत टीव्ही आलेला, सोफासेट आलेला. आणि बरोब्बर मधे खांब. सोफ्यावरून अर्धा पडदा खांबाआड जायचा. सचिन खेळतोय आणि आपण मान वाकडी करून बघतोय! आजोबा तेव्हा आत्याकडे गेले होते. बाबांनी दोन माणसं बोलावली, एका दुपारीत खांब काढला आणि वर नवीन लादी घातली. ‘कसला हॉल दिसायला लागला माहितीये! अख्खी आळी यायची मॅच बघायला.’

‘आणि आजोबा?’

‘परत आले. वर बघितलं. काही बोलले नाहीत. त्यानंतर ते माजघरात कधी बसले नाहीत, ओटीवरच असायचे. मला वाटायचं, त्यांना टीव्ही आवडत नाही.’ बाबांनी ग्लास खाली ठेवला. ‘गेली दहा वर्षं मी रोज वर बघतोय. दरवर्षी थोडं खाली. कुणाला सांगणार? वादळ आलं तेव्हा, खरं सांगतो, वाटलं सुटलो. आता वादळाच्या नावावर जाईल.’

मला काय बोलावं सुचेना. मी आणखी दोन रस सांगितले.

त्यानंतरचं काम सोपं होतं, पण सावकाशीचं. आधी मधल्या भागाची सातशे कौलं उतरवून अंगणात रचली. काहींच्या पाठीवर अजून कारखान्याची नक्षी होती. ही कौलं बनवायला १८६५ साली मंगलोरात बासेल मिशननं कारखाना काढला, म्हणून ती मंगलोरी. मग आढ्याखाली जाडजूड धिरा आणि त्याच्या बुडाशी गॅरेजमधून आणलेला ट्रकचा जॅक. मला वाटलं, एका दुपारीत उचलू. मामांनी हात जोडले. सत्तावीस वर्षांत वाकलेलं लाकूड एका दिवसात सरळ करायला गेलं तर तडकतं. रोज दोन सूत, जास्त नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मी मुंबईला परतले. आणि बाबा, जे मला फक्त वाढदिवसाला फोन करायचे, रोज संध्याकाळी सातला फोन करायला लागले. ‘आज दोन सूत.’ एवढंच. मग थोडं आणखी. आज लादी फोडली. आज लादीखाली जुना तळखडा सापडला, खांबाखालचा दगड, होता तिथेच. आज वासे बदलले. आज आई हसली. आठव्या दिवशी फोन आला, ‘सोळा सूत झाले. मामा म्हणतात, बास.’ म्हणजे दोन इंच वर आलं. तिसरा इंच काही आला नाही. लाकडानं तो कायमचा घेतलाय.

नवा खांब त्याच तळखड्यावर उभा राहिला आणि त्याचं टोक त्याच खाचेत बसलं. पावसाआधी घर शाकारून झालं. एकूण खर्च एक लाख चाळीस हजार. विकण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

तुमचंही गावाकडे कौलारू घर असेल, तर एवढं करा. दिवाळीनंतर एकदा लांब उभं राहून आढ्याची रेघ बघा. बाक दिसला तर दोरी ताणून मोजा, तारीख लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत मोजा. आकडा वाढत असेल तर वाट बघू नका. वासे टोचून बघा, खास करून भिंतीवर टेकतात तिथे. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, इथे आधी काय होतं? मात्र विचारताना आवाज जरा खाली ठेवा.

टीव्ही आता बाजूच्या भिंतीवर गेलाय. सोफाही सरकलाय. पण मॅच असली की बाबा सोफ्यावर बसत नाहीत. खाली चटई टाकतात आणि खांबाला पाठ टेकून बघतात. छपराच्या पाठीत अजून एक इंच बाक आहे. पुढच्या वेळी फोटो टाकेन तेव्हा मैत्रीण पुन्हा विचारेल, कॅमेरा वाकडा धरलायस का? विचारू दे.