भोंगा वाजो न वाजो, पाण्याकडे बघा

मंडळी, पोस्ट लांबली आहे, पण पूर्ण वाचा. विशेषतः कमिंग, सुवानी, बफर्ड, जॉन्स क्रीककडच्या लोकांनी. आणि ज्यांचे आई-बाबा सध्या इकडे आले आहेत त्यांनी तर नक्कीच.

एप्रिल आला. गाड्यांवर पिवळ्या परागांचा थर बसलाय, डॉगवुड फुललंय, अर्धा गाव शिंकतोय. आणि दरवर्षीप्रमाणे ग्रुपवर फोटो यायला लागलेत: चॅटाहूचीच्या काठावर चटई, भेळेचा डबा, पोरं गुडघाभर पाण्यात, मागे कुणाचे तरी बाबा पँट दुमडून उभे. छान फोटो असतात. पण मला ते बघून पोटात गोळा येतो. का येतो ते सांगतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी या नदीत वाहून जाता जाता वाचलो. घरच्यांशिवाय कुणाला बोललो नव्हतो. लाज वाटत होती, कारण चूक शंभर टक्के माझी होती.

मला ट्राउट धरायचा नाद आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. काहींना वाटतं हा गोऱ्यांचा महागडा छंद. असेलही. पण मी मूळचा चिपळूणचा. लहानपणी वाशिष्ठीवर बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन गरवायला जायचो, त्याचीच ही पुढची इयत्ता. फरक एवढाच, की इथं गांडुळाऐवजी पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन नसतं, म्हणून जाड दोरीच हवेत फेकायची आणि माशी तिच्यामागे अलगद पाण्यावर उतरवायची. सहा महिने माझी माशी फक्त झाडांवर उतरत होती.

आता मूळ गोष्ट. जॉर्जियाच्या उकाड्यात ट्राउट जगायलाच नको. तो थंड पाण्याचा मासा. राज्याच्या उत्तरेला डोंगरातल्या ओढ्यांत ब्रुक ट्राउट मूळचा आहे, पण अटलांटाच्या दारात तो असायचं काही कारण नव्हतं. १९५० च्या दशकात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनं बफर्ड धरण बांधलं आणि मागे लेक लॅनिअर तयार झालं. टर्बाइनला पाणी जातं ते तलावाच्या खोलातून, जिथं ऊन पोचत नाही. त्यामुळे ऐन जुलैतही धरणाखाली पाणी साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास. उबदार पाण्यात राहणारे मूळचे मासे या पट्ट्यात विरळ झाले आणि राज्यानं ट्राउट आणून सोडले. रेनबो मूळचा पॅसिफिककडचा, ब्राउन युरोपातला. बफर्डला धरणाजवळच हॅचरी आहे, पोरांना दाखवून आणा एकदा. रेनबो तिथून येतात, ब्राउन मात्र आता नदीतच अंडी घालून वाढतात. म्हणजे नदी आपल्यासारखीच, बाहेरून आलेल्यांची.

तेव्हा ही नदी दिसते नैसर्गिक, पण चालते बटणावर. टर्बाइन बंद असलं की पाणी काचेसारखं, तळाचा गोटा न गोटा दिसतो, पलीकडे चालत जाता येतं. वीज हवी झाली की टर्बाइन सुरू, आणि धरणाजवळ काही मिनिटांत पाणी कित्येक फूट चढतं. विजेची गरज वाढते बहुधा कामाच्या दिवशी दुपारनंतर, आपण घरी येऊन एसी लावतो तेव्हा. तुमच्या एसीचं पाणी माझ्या कमरेला लागतं, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, मग कमरेएवढ्या पाण्यात जातोस कशाला.

गेल्या एप्रिलमध्ये बाबा आले होते. वय ७४, तब्येत ठणठणीत, पण इथं घरात बसून कंटाळलेले. म्हटलं, चला नदीवर. आधी त्यांचा एक दिवसाचा परवाना फोनवरच काढला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला फिशिंग लायसन्स लागतं आणि ट्राउटचं वेगळं. बाबांना ते पटेना. "मासे धरायला परवाना? आणि माशाला कोण सांगणार?" पुढे आणखी एक धक्का. त्यांनी घरून कणकेचा गोळा आणला होता, हळद घालून, आमची जुनी रीत. मी म्हटलं, बाबा, हायवे २० पासून मेडलॉक ब्रिजपर्यंत खरं आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम. गोळा परत डब्यात गेला. दिवसभर त्यांचा चेहरा त्या गोळ्यासारखाच होता.

आम्ही सेटल्स ब्रिजला उतरलो. तिथं जुना लोखंडी पूल आहे, वरची फरशी कधीच गेलेली, नुसता सांगाडा. गुरुवार होता. पाणी सोडायची वेळ मी आदल्या रात्री बघितली होती: संध्याकाळी पाच. धरणापासून तिथवर पाणी पोचायला साधारण तास-दीड तास लागतो. म्हणजे सहापर्यंत निवांत, असा माझा हिशोब.

बाबा काठावरच्या वाळूत बसले. बसण्याआधी त्यांनी एक काम केलं, तेव्हा मी हसलो होतो. हातभर काटकी घेतली आणि बरोबर पाण्याच्या रेषेवर रोवली.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयना धरण आहे सातारा जिल्ह्यात, कोयना नदी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. पण वीज करण्यासाठी तिचं पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं पश्चिमेला कोकणात उतरवतात. पोफळी, अलोऱ्याच्या वीजघरांतून निघालेलं ते पाणी वाशिष्ठीत येतं. आमच्याकडे त्याला कोयनेचं अवजल म्हणतात. कोकणातल्या नद्या शिमग्यापर्यंत गोट्यांवर येतात, वाशिष्ठी मात्र वैशाखातही वाहते ती या अवजलावर. बाबांचं सगळं आयुष्य त्या नदीकाठी गेलं. वरून पाणी कधी येतं, खालून भरती कधी चढते, ही दोन घड्याळं डोक्यात ठेवूनच पाण्यात उतरायचं, शिवाय मगरीकडे तिसरा डोळा. त्यांनी सकाळीच विचारलं होतं, "इथं मगरी आहेत?" मी म्हटलं, नाहीत. "मग पाणी सोडतात?" मी म्हटलं, सोडतात, पण ॲपवर वेळ असते. त्यावर ते काही बोलले नाहीत. काटकी रोवली.

साडेतीनच्या सुमारास मी नदीच्या मध्यावर, मांडीभर पाण्यात. अंगात वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतचा तो रबरी पायजमा. पलीकडच्या पडलेल्या झाडाखाली एक ब्राउन बारीक किडे टिपत होता. चांगला दीड वीत. मी चौथ्यांदा माशी बदलली होती. तुम्हाला सांगतो, त्या वेळी मागे घर जळत असतं तरी मी वळलो नसतो. कानात गाणी होती, हेही कबूल करतो.

बाबांची हाक कानातल्या गाण्यातून आली. "अरे, पाणी चढतंय! भायेर ये आधी!"

मी खाली बघितलं. पाणी तसंच वाटत होतं. मग दिसलं, की पृष्ठभागावरून पिवळ्या परागाचा साय जमल्यासारखा थर, वाळकी पानं, काड्या वाहत येतायत. काठावर पडलेला कचरा नदी उचलते तो पाणी वाढायला लागल्यावरच. बाबांची काटकी तोवर टोकापर्यंत बुडाली होती. वेळापत्रक सकाळी बदललं होतं, पाणी दोनलाच सुटलं होतं. मी पुन्हा बघितलंच नव्हतं.

काठ पन्नास-साठ पावलांवर. येताना ज्या उथळ पट्ट्यावरून आलो तिथं आता कंबरभर धार. अर्ध्यात पाय सुटला. त्या पाण्यात पडल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच ओढलं जातं. मला पोहता येतं, वाशिष्ठीच्या डोहात शिकलोय. काडीचा उपयोग झाला नाही. हात चालतच नव्हते. रॉड सोडून दिला. कमरेचा पट्टा घट्ट होता म्हणून वेडर्समध्ये पाणी कमी शिरलं. तीस-चाळीस फूट खाली एका झाडाच्या मुळाला हात लागला, आणि मग बाबांचा हात. ७४ वर्षांचा माणूस गुडघाभर पाण्यात उतरून मला ओढत होता, आणि मी थरथरत त्यांनाच ओरडत होतो, तुम्ही मागे व्हा म्हणून.

गाडीत हीटर लावून अर्धा तास बसलो. बाबा काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "फोनला काय कळतं पाणी?"

हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य नाही. फोनला कळतं, मी विचारलं नाही. खरं तर इथं सोय चांगली आहे. पाणी सोडायच्या वेळा फोनवर ऐकता येतात, इंटरनेटवर दिसतात, धरणाजवळ पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की मासा असो, सेल्फी असो, बाहेर. पण त्याचा आवाज काही सगळ्या नदीभर पोचत नाही. धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत लाइफ जॅकेट अंगात घालणं जॉर्जियाच्या कायद्यानं सक्तीचं आहे. आम्ही त्या पुलाच्या खाली होतो, म्हणून मी ते घातलं नव्हतं. कायदा पुलाशी थांबतो. पाणी थांबत नाही.

आता आपल्या लोकांबद्दल, आणि रागावू नका. आपण नदीला सवयीनं घाटासारखं वागवतो. आजी पाय बुडवते, आजोबा तोंडावर पाणी मारतात, पोरं ट्यूबवर. जॅकेट म्हटलं की "अहो, गुडघाभर तर पाणी आहे." आत्ता आहे. "आम्हाला पोहता येतं." मलाही येतं. आणि इंग्रजी पाटी आई-बाबा वाचत नाहीत, त्यांना कुणी सांगत नाही की इथं आभाळ निळंशार असतानाही पूर येतो. निदान निघण्यापूर्वी वेळ बघा, पोचल्यावर परत बघा, आणि त्यांना मराठीत समजावून सांगा. वाशिष्ठीचं उदाहरण द्या, लगेच कळतं.

दुसरं एक. हे पाणी म्हणजे सहलीचं ठिकाण एवढंच नाही, आपल्यातल्या बहुतेकांच्या नळाला येतं तेही हेच. त्यावर तीन राज्यं १९९० पासून कोर्टात भांडली. २००९ मध्ये एका फेडरल न्यायाधीशानं निकाल दिला, की अटलांटाला पाणी पुरवणं हा लॅनिअरचा मंजूर उद्देशच नाही. २०११ मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. फ्लोरिडा म्हणत होतं, जॉर्जियाच्या उपशामुळे अपॅलाचिकोला खाडीतले आमचे ऑयस्टर गेले. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं जॉर्जियाच्या बाजूनं निकाल दिला. बाबांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे इथंही कृष्णेसारखंच!" कृष्णा लवादानं कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मुभा दिली, आणि त्याच अवजलावर आम्ही पोहायला शिकलो. पाणी आलं ते सातारा-सांगलीकडच्या वाट्याचं, हे मला वयाच्या तिशीत कळलं. इथं घर घेताना शाळेचं रेटिंग सगळे बघतात. नळाचं पाणी कुठून येतं आणि खाली कुणाचं कमी होतं, हे मीही विचारलं नव्हतं.

बरं, माशाचं राहिलंच. तो ब्राउन नाही मिळाला. आठवड्यानं बाबांनीच हट्ट धरला म्हणून परत गेलो, या वेळी शनिवारी सकाळी, जॅकेट घालून. बाबांना शिकवलेली फेक अर्ध्या तासात जमली, मला सहा महिने लागले होते ते मी त्यांना सांगितलं नाही. एक रेनबो त्यांना लागला. मी म्हटलं, हळूच सोडून द्या. "धरायचा आणि सोडायचा? मग धरलाच कशाला?" दिवसाला आठ न्यायची परवानगी आहे, म्हणून तो घरी आला. आगळ, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून तळला. सगळ्यांचं लक्ष बाबांकडे. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. म्हणाले, "वाईट नाही. पण समुद्र बघितलेला नाही त्यानं."

ते आता चिपळूणला आहेत. शुक्रवारी रात्री फोन येतो, "उद्या जाणार आहेस? किती वाजता सोडतायत?" मी वेळ सांगतो. मग विचारतात, "काटकी?"

या शनिवारी सकाळी सातला मी सेटल्स ब्रिजला आहे. कुणाला नुसतं बघायला यायचं असेल तरी या. गाडीत दोन जादा जॅकेट आहेत, एक एक्सएल.